निवडलेल्या भाजीच्या चार पिशव्या

कुमुद गेल्याचा फोन सकाळी सव्वासातला आला. तिचे यजमान वसंतराव एवढंच म्हणाले, "शैलाताई, संपलं सगळं..." मी पेन घेतलं आणि कुणाकुणाला कळवायचं ते लिहायला लागले. पहिलं नाव त्यांच्या मुलीचं, नेहाचं. ती बॉस्टनला कॉलेजात होती. "तिला काहीच माहीत नाही हो," वसंतराव म्हणाले. "आई बरी होतेय असंच वाटतंय तिला."

याला आता सहा आठवडे झाले.

न्यू ऑर्लिन्समध्ये आम्ही दोघी एकाच रस्त्यावर राहायचो. कुमुद लॅबमध्ये नोकरी करायची आणि सुट्टीत शेजारच्या मिस ओडेटच्या स्वयंपाकघरात असायची. तिथेच ती पालेभाज्यांचा गम्बो, म्हणजे दाटसर रस्सा, शिकली. तेलात मैदा मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परतायचा, मग कांदा, सेलरी, ढोबळी मिरची आणि पातेलंभर पाला : मोहरी, पालक, मुळा, बीट, गाजर, मिळेल तो. "आपली ऋषिपंचमीची भाजीच की ही!" कुमुद म्हणायची. ओडेटबाई त्यात हॅम घालत, कुमुद चवळी घालायची. भाज्यांची संख्या मात्र विषम हवी, आणि जितक्या भाज्या तितक्या त्या वर्षी नव्या मैत्रिणी मिळणार, हा ओडेटबाईंचा नियम तिने कधी मोडला नाही. दरवर्षी ईस्टरच्या आधी आम्ही दोघी कुमुदच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तासन्‌तास पाला निवडायचो. नेहाचं कॉलेज, माझ्या सासूबाई, तिची पहिली गाठ... सगळं त्या टेबलावर बोललं गेलं. हात कामात असले की तिला बोलता यायचं, एरवी नाही.

दुखणं उलटलं तेव्हा मी सगळी व्यवस्था लावली. डबा कुणी द्यायचा, दवाखान्यात कुणी ड्राइव्ह करायचं, याचा तक्ता तिच्या फ्रीजवर चिकटवला. मार्चमध्ये तिचा फोन आला. "शनिवारी ये. गम्बो करू. नऊ भाज्या आण, निवडत बसू."

सुयांनी तिचे हात सुजलेले होते. म्हणून शुक्रवारीच मी नऊही भाज्या धुतल्या, निवडल्या, चिरल्या, पिशव्यांत भरल्या आणि वर नावं लिहिली. शनिवारी तिने एकेक पिशवी उलटून पाहिली.

"अगं, निवडायला काहीच ठेवलं नाहीस?"

"तुला दमवायचं नव्हतं."

"फारच शहाणी गं तू," ती हसली. मग म्हणाली, "पाचच घाल. एवढ्या नव्या मैत्रिणींना भेटायला मला कुठाय वेळ?"

"काहीतरीच बोलू नकोस," मी म्हटलं आणि उरलेल्या चार पिशव्या तिच्या फ्रीझरमध्ये टाकल्या. मला चारला निघायचं होतं. मी शेगडीपाशी, ती मागे खुर्चीवर, रिकाम्या हातांनी. मैदा रंग धरत असताना तिने हाक मारली. "शैला, नेहाला..."

"फोन करायचाय ना? लिहून ठेवते. उद्या करू."

"राहू दे... मैदा करपेल तुझा."

तेराव्याला वसंतरावांकडून कळलं. त्या शनिवारच्या आधीच तिने ट्रीटमेंट बंद करायचं ठरवलं होतं. नेहाला सांगायचा धीर तिला होत नव्हता, त्यांनाही नाही. ते काम माझ्यावर सोपवायचं होतं. "भाजी निवडताना बोलेन म्हणाली होती," ते म्हणाले. त्यांनी मुद्दाम काही विचारलं नाही.

परत जायच्या आदल्या दिवशी नेहाने फ्रीझर उघडून एक पिशवी बाहेर काढली. "मावशी, धिस इज युअर रायटिंग." मग माझ्याकडे न बघता, "मॉमने तुला सांगितलं होतं?"

"सांगायलाच बोलावलं होतं. मी ऐकायला बसले नाही."

तिने पिशवी होती तिथे ठेवली आणि दार लावलं.

परवा वसंतरावांना डबा द्यायला गेले होते. फ्रीजवरचा तक्ता त्यांनी काढलाय. पिशव्या चारही तशाच आहेत, बर्फ धरलेल्या. सगळ्यांत वरच्या पिशवीवर माझं ठळक, नीट अक्षर : मोहरीचा पाला. धुतलेला, निवडलेला, चिरलेला.