कमलाक्षीबाईंचा सराटा

कमलाक्षीबाईंची पहिली भेट झाली तेव्हा मी हवेत होतो. तंजावूरमधल्या त्यांच्या अंगणात सराट्याचा काटा तळव्यात घुसला आणि मी मोठ्या देवळाच्या कळसापर्यंत उडालो. खाली आलो तर बाई ओरडल्या, "फूल तुडवलं नाही ना?"

सराट्याच्या त्या पिवळ्या रानफुलाला वळसा घालून त्या रोज पिठाचं कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढत. मुलगा मुरली मात्र तिथे सिमेंट घालायला निघाला होता.

"आई, काटा आहे तो!"

"ते सूर्याकडे बघतं, तू फोनकडे. बी पिकेपर्यंत थांब."

मुरली थांबला. रोप वाळल्यावर बाईंनी बी समोरच्या मोकळ्या जागेत टाकलं, मगच सिमेंट पडलं.

यंदा ती जागा सगळी पिवळी आहे. मुरलीची सायकल पंक्चर आहे.