आमच्या घराण्यातले पोलिस महासंचालक

माझा आतेभाऊ आयपीएस झाला तेव्हा चेन्नईच्या वेस्ट मांबलममधल्या आमच्या तंजावरी मराठी घरांत दिवाळीच झाली. त्यानंतर त्याची प्रत्येक बढती आम्ही साजरी केली. एसपी, डीआयजी, आयजी, मग दिल्लीत केंद्राची नोकरी. सरकारं बदलली, पण हा कुणालाच कधी नकोसा झाला नाही. नातेवाईक याला कर्तबगारी म्हणत. मीही म्हणत होतो.

तो चेन्नईत आयजी होता तेव्हा आमच्या इमारतीखालच्या इस्त्रीवाल्याला पोलिसांनी उचललं. दुसऱ्या मजल्यावरच्या घरातले दागिने गेले होते आणि कपडे द्यायला हा वर जायचा, एवढाच पुरावा. मी आईला घेऊन आतेभावाच्या बंगल्यावर गेलो. चांदीच्या पेल्यातून कॉफी आली.

"मामी, मी बघतो," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत, "तू यात पडू नकोस. तिथला इन्स्पेक्टर माझा माणूस आहे."

"म्हणूनच तर आलो," मी म्हणालो.

त्याने घड्याळाकडे पाहिलं. आम्ही उठलो.

पुढे दागिने घरमालकाच्याच पुतण्याकडे सापडले. इस्त्रीवाला सुटून आला, पण त्याचा उजवा हात कोपरातून वाकडा झाला होता, तो पुन्हा सरळ झालाच नाही. त्या इन्स्पेक्टरला पदक मिळालं. शिफारस कुणाची होती, हे आतेभावाने स्वतःच एका लग्नाच्या पंगतीत कौतुकाने सांगितलं. लगेच आतेभावाची दिल्लीची ऑर्डर आली. तिकडे हा कोठडीतल्या मानवी हक्कांवर तरुण अधिकाऱ्यांना व्याख्यानं द्यायचा म्हणे. महासंचालक होऊन निवृत्त झाला आणि आता इथे चेन्नईत, गिंडीतल्या एका कंपनीचा सुरक्षा सल्लागार आहे. गेटवरचे वॉचमन त्याला सलाम ठोकतात. सलामाशिवाय त्याला जेवण पचत नसावं.

गेल्या वर्षी आमच्या तंजावरी मराठी मंडळाने त्याचा सत्कार ठेवला. सर्वांत वडीलधारी म्हणून शाल आईने घालायची होती. आधी त्याचं भाषण झालं. निम्मं तमिळ, निम्मं इंग्रजी, मराठी फक्त नमस्कारापुरतं. शेवटी छातीवर हात ठेवून म्हणाला, "माझ्या हाताखाली एकाही निरपराध माणसाला त्रास झाला नाही."

आई शाल घेऊन उभी राहिली आणि तिथेच थांबली.

"आमच्या इस्त्रीवाल्याचा हात कोणी मोडला रे?" तिने विचारलं.

तिच्यापुढे माईक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. तो हसला. "मामी, जुन्या गोष्टी…"

"तो रोज खाली डाव्या हाताने इस्त्री करतो. माझ्यासाठी ही गोष्ट जुनी नाही."

आईने शाल खुर्चीवर ठेवली आणि मला म्हणाली, "चल, ऑटो बघ." आमच्यामागे कुणीतरी घाईघाईने जेवणाची घोषणा केली. एकही नातेवाईक आमच्याबरोबर उठला नाही. वड्यांचा वास सुटला होता, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "मामीचं वय झालंय. चांगल्या डॉक्टरला दाखव. मी नाव सुचवतो."

"नको," मी म्हणालो, "तू बघतोस म्हणजे काय होतं, ते आम्ही पाहिलंय."

तेव्हापासून मंडळाची आमंत्रणं येत नाहीत. आईला त्याचं काहीच वाटत नाही. मला मात्र, लाज वाटते सांगायला, पंगतीतलं चिंच घातलेल्या वांग्यांचं रसवांगी आठवतं.