चारच पाकळ्या

"आधी पान हातात घ्या, मग बोला," असं म्हणून मास्तर समोरच्याच्या तळहातावर एखादं पान ठेवायचे आणि तो ते नीट बघेपर्यंत गप्प राहायचे. शाळा तपासायला आलेल्या साहेबालाही त्यांनी सोडलं नव्हतं. उरणच्या शाळेत ते ड्रॉइंग शिकवत, मी मराठी.

तुम्ही त्यांना खाडीकाठी पाहिलं असतंत तर हसला असतात. धोतर गुडघ्यावर खोचलेलं, हातात भिंग आणि पाय चिखलात. खेकडे धरायला येणारी एक आगरीण विचारायची, "मास्तर, चिखलान काय हरवलाय तुमचा?"

"फूल," मास्तर म्हणायचे.

एकदा तिनंच तिवराची, खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या त्या झाडाची, फुललेली डहाळी आणून दिली, तेव्हा शाळा सुटेपर्यंत त्यांना धीर धरवेना. तिवराचं फूल वाटाण्याएवढंही नसतं. भिंगाखाली धरून त्यांनी ते टाकानं, काळ्या शाईत काढलं. पान, देठ, कळी, बी, चिखलातून वर आलेली मुळं, सगळं. रेघ चुकली की खोडायची नाही, कागद बाजूला ठेवायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायची.

मुंबईचे एक प्राध्यापक किनाऱ्यावरच्या वनस्पतींवर पुस्तक लिहीत होते. त्यांच्यासाठी मास्तरांनी चार वर्षं चित्रं काढली. पुस्तक आलं. मी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळलं. मास्तरांचं नाव कुठेच नव्हतं. प्रस्तावनेत प्राध्यापकांच्या टंकलेखकाचे आभार होते, यांचे नाहीत! माझं डोकं फिरलं. मास्तर मात्र एकाच पानावर अडकले होते.

"तिवराला पाच पाकळ्या काढल्यात," ते म्हणाले. "चार असतात. चारच!"

त्या रविवारी आम्ही दोघं मोऱ्याच्या बंदरातून बोटीनं मुंबईला गेलो. मास्तरांनी तिवराची डहाळी ओल्या फडक्यात गुंडाळून घेतली होती. प्राध्यापकांनी आम्हाला बसाही म्हटलं नाही.

"छापखान्यातल्या चित्रकारानं जरा शोभा आणली असेल," ते म्हणाले. "एका पाकळीनं काय बिघडतं? आणि तुमचं नाव ना? पुढच्या आवृत्तीत बघू."

"नाव घालू नका." मास्तरांचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "चूक काढा. पोरं यावरून शिकणार. उद्या खरं झाड समोर आलं तर झाडच चुकलंय म्हणतील!"

प्राध्यापकांनी घड्याळाकडे पाहिलं. डहाळी त्यांच्या टेबलावर तशीच राहिली.

परत आल्यावर मास्तरांनी शाळेच्या प्रतीतली ती पाचवी पाकळी पात्यानं हलकेच खरवडून काढली, उरलेल्या चार टाकानं सारख्या केल्या. हेडमास्तरांना कळलं. "शाळेचं पुस्तक खराब केलंत. माफी लिहून द्या."

मास्तरांनी लिहून दिली. "पुस्तकाला पातं लावल्याबद्दल दिलगीर आहे." आणि खाली चार पाकळ्यांचं फूल काढलं, इतकं नाजूक की सहीच वाटावी. हेडमास्तरांनी तो कागद फाडला. माझ्यादेखत फाडला! वर त्यांचे ड्रॉइंगचे तास काढून घेतले आणि त्यांना कवायतीवर नेमलं. ज्या हातात टाक असायचा त्या हातात शिट्टी दिली. आम्ही सगळे शिक्षक खाली मान घालून बसलो. मीसुद्धा. याची लाज मला अजून वाटते.

दोन वर्षांनी मास्तर तापानं गेले. मूळ चित्रं त्यांच्या बायकोला परत मिळावीत म्हणून मी प्राध्यापकांना तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.

शाळेत शोकसभा झाली. हेडमास्तर म्हणाले, "ते फार नम्र गृहस्थ होते. त्यांनी आयुष्यात कधी कशाची तक्रार केली नाही."

मी उभा राहिलो. "केली होती," मी म्हणालो. "तुम्ही ती फाडलीत."

"बसा, मास्तर," हेडमास्तर म्हणाले.

मी बसलो नाही. सभा संपेपर्यंत तसाच उभा राहिलो.