गोठ्यावरचं सोलर, गिरजाकाकूची मशीन

"सदाकाकानं गिरजाकाकूची मशीन बंद केली म्हणते, अन् मंग…"

एवढंच कानावर पडलं आणि चक्कीवाल्याने इंजिनचा हँडल मारला. पावसाच्या झडीचा तिसरा दिवस होता. लाइनवर झाड पडल्यामुळे आदल्या दुपारपासून गावात लाइट नव्हती, म्हणून साऱ्या बाया डिझेलच्या चक्कीवर जमलेल्या. बोलणारीचे ओठ हलत होते, पण ऐकू काही येत नव्हतं. मी गव्हाचा डबा तिथंच ठेवला अन् निघाले.

गावात मला चौकशी खात्याची बाई म्हणतात. म्हणोत. भिंतीला भिंत लागून घर असलं की शेजारच्यांचे किस्से आपोआप जमा होतात, मागावे लागत नाहीत. एकट्या सदाकाकाच्या सोलरचेच माझ्याजवळ इतके आहेत, की चक्कीपासून त्यांच्या शेतातल्या गोठ्यापर्यंत चिखल तुडवताना एकेक करून सगळे आठवत गेले.

*

गिरजाकाकूने जन्मभर बिड्या वळल्या. ओढली एकही नाही. तरी छातीत काय बसायचं ते बसलंच. भंडाऱ्याच्या डॉक्टरने सांगितलं, आता घरी ऑक्सिजनची मशीन लावा, ती दिवसरात्र चालली पाहिजे.

मशीन आली. नाकात नळी, कोपऱ्यात घरघर. पण मशीन चालते लाइटवर, अन् आमच्याकडची लाइट कोणाच्या बापाची नाही. गेली की काका हातपंख्याने वारा घालत बसत. वाऱ्याने काय होते? पण माणूस काहीतरी करणारच.

तेव्हा काकांनी सोलरचं मनावर घेतलं.

*

भंडाऱ्याहून एक सोलरवाला पोरगा आला, टेप घेऊन. घरावर चढला अन् पहिल्याच पावलाला छपराचं कवेलू फोडलं. दुसऱ्या पावलाला दुसरं. खाली उतरून म्हणाला, "काका, या छतावर पॅनल नाही बसत."

"मंग तू कायले बसून राहिला?" काकू आतून म्हणाली.

शेवटी पॅनल शेतातल्या गोठ्यावर लावायचं ठरलं. तळ्याच्या पाळीखाली काकांचा गोठा आहे, लोखंडी अँगलवर टिनाचा. दोन म्हशींसाठी बांधला होता. घरापेक्षा तोच मजबूत!

*

मग पोराने कागद काढला. "लोड किती आहे ते लिहावं लागते. काय काय चालवणार?"

काका सांगत गेले. दोन बल्ब. म्हशीसाठी पंखा. चारा कापायची कुट्टी मशीन. पाण्याची छोटी मोटर. ऑक्सिजनची मशीन.

काकू खाटेवरून म्हणाली, "मलेबी लिहा नं बाबू. मीबी आता लाइटवरच चालतो."

पोराचा पेन थांबला. मी उगाच चहा मांडायला उठले.

*

पहिला हिशोब एकदम स्वस्तातला निघाला. सरकारची सूट वजा जाऊन जे उरलं ते ऐकून काकांनी मला पेढा दिला. मी पेढा तोंडात टाकला अन् पोराला सहज विचारलं, "पण बापू, लाइट गेली त?"

"लाइट गेली की हेपण बंद होते," तो म्हणाला. "लाइनवरच्या माणसाले शॉक लागू नये म्हणून तसंच करतात. लाइट नसताना पाहिजे असंल त बॅटरी घ्या. तिचे पैसे वेगळे."

पेढा माझ्या तोंडात तसाच.

"म्हणजे पाहिजे तवाच नाही," काकू म्हणाली. "आपल्या जावयावानी."

काका हसले. त्या महिन्यात हसताना मी त्यांना तेवढंच पाहिलं.

*

बॅटरीची किंमत पॅनलपेक्षा जास्त निघाली. दोनातली एक म्हैस विकायची म्हटली तरी भागेना. मग कागद घेऊन छाटाछाट सुरू झाली. कुट्टी मशीन गेली. मोटर गेली. म्हशीचा पंखा गेला. एक बल्ब गेला.

दुसऱ्या दिवशी काका कागद घेऊन माझ्याकडे आले. "सुलू, हे तू खोडलं काय?"

ऑक्सिजनच्या मशीनवर पेन्सिलची आडवी रेघ होती. मी म्हटलं, मी कायले खोडू? आम्ही दोघं काकूकडे गेलो. रेघ तिनेच मारली होती, अन् काकूला तर अक्षर वाचता येत नाही.

"तुले कसं कळलं का हेच तुही मशीन?" काकांनी विचारलं.

"सगळ्यात लांब नाव हाय तिचं," काकू म्हणाली. "अन् सगळ्यात जास्त खाते, असं तो पोरगा म्हणत होता. ते काढलं त म्हैस राहते."

काकांनी पेनाने ते नाव पुन्हा लिहिलं. पहिल्यापेक्षा मोठं. म्हैस पुढच्याच बाजाराला गेली.

*

तरी वायरचा खर्च उरलाच. गोठ्यापासून घरापर्यंत लाइट आणायची तर मध्ये खांब रोवावे लागणार, वायर जाड लागणार. तो आकडा ऐकून काका ओसरीवर मटकन बसले.

"वायर कायले आणता इकडं?" काकू म्हणाली. "मीच जाईन नं तिकडं."

काकांनी अर्धा गोठा बांबूच्या तट्ट्याने अडवला, मातीने लिंपला, चुना मारला. काकूची खाट नेली, बाजूला आपली नेली. गावात झालंच लगेच, "बायकोले गोठ्यात टाकलं त्यानं." मी चारचौघींत भांडून आले. मग पाहायला गेले, तर तट्ट्याच्या अलीकडे मशीनची घरघर अन् पलीकडे उरलेल्या म्हशीची.

मी म्हटलं, "काकू, झोप लागते काय?"

"लागते. एक थांबली त दुसरी चालू रायते. भेव नाही वाटत."

पॅनल लागले, बॅटरी लागली. उन्हाळाभर लाइट गेली की साऱ्या गावात काकूच तेवढी आरामात. मला वाटलं, झालं आता. बजेट करताना आम्ही उन्हाचंच केलं होतं. झड कोणी धरलीच नव्हती.

*

गोठ्याशी पोचले तेव्हा काका दारात उभे होते, पावसात अर्धे भिजलेले, वर पॅनलकडे पाहत. आत मशीनचा आवाज नव्हता. म्हशीचाच होता.

"काका, तुम्ही मशीन बंद केली?"

"मी कायले करू वं? सकाळी डेअरीत दूध घालून आलो त बंद. चालू केली. मी इकडं तोंड फिरवलं का काकूच बंद करते. तीनदा झालं."

म्हणजे बातमी अर्धी खरी होती. मशीन बंद होती, पण काकांनी केली नव्हती.

काकू खाटेवर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून, खांदे वरखाली होत होते. ओठ निळसर. नळी नाकातून काढून तिने मांडीवर नीट गुंडाळून ठेवली होती. मी बॅटरीच्या डब्याकडे पाहिलं. चारातले दोन हिरवे दिवे लागलेले होते.

"काकू, वेडी झाली काय? दोन दिवे हायेत अजून. अर्धी बॅटरी हाय."

"दिसते मले," काकू म्हणाली. मग दम घेतला. मग पुन्हा घेतला.

"मंग काहून बंद करून राहिली?"

तिने दाराबाहेर, काकांच्या पाठीपलीकडे, आभाळाकडे बोट केलं.

"ते दोन उद्याच्याले हायेत."