टेलरचाचांच्या नाटकातला पूल

टेलरचाचा तोंडात टाचण्या धरून संवाद म्हणत. कशेळ्याच्या बाजारात त्यांचं दुकान. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राही आणि चाचा दात न उघडता राजा, प्रधान, शिपाई अशा तिघांचंही बोलत. एक शब्द चुकत नसे, एक टाचणी पडत नसे.

नाटकं ते स्वतःच लिहीत. शेवटचं नाटक विनोदी होतं, पण हसताना आजूबाजूला बघावं लागे. एक गोष्टीवाला पूल पडल्याची गोष्ट सांगतो. आठवड्याभरात खरोखरच पूल पडतो आणि सरकार त्यालाच पकडतं. फौजदार म्हणतो, "गोष्ट आधी, पूल नंतर. म्हणजे पूल तुझ्या गोष्टीनेच पाडला!" तो फौजदार मी करत होतो. आमच्या ओढ्यावरचा छोटा पूल, साकव, आदल्याच पावसाळ्यात वाहून गेला होता, आणि त्याच्याबरोबर वाडीवरची एक बाई. ठेकेदाराचं नाव घ्यायला कोणी धजत नव्हतं.

तालमींची बातमी चौकीवर पोचली. चाचांना बोलावून दिवसभर बाकावर बसवलं. शेवटी साहेब म्हणाले, "सगळं काल्पनिक आहे, असं लिहून द्या."

"देतो की. पण खाली लिवू का साहेब, बाई खरी होती म्हणून?"

"ते नको. पूल काढा नाटकातून."

"पूल तर आधीच पडलाय. आता मी अजून काय काढू?"

दुसऱ्या दिवशी मलाही चौकीवरून निरोप आला. मी सरकारी शाळेत शिक्षक. माझा या नाटकाशी संबंध नाही, असं मी लिहून, सही करून आलो. मग चाचांना जाऊन सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मास्तर, नोकरी सांभाळा. पोरं लहान हायेत तुमची. पण बघायला या. पुलाच्या वाक्याला लोकं हसायला घाबरतील. तुमी पहिले हसा."

रविवारी दुपारी दुकानामागच्या अंगणात प्रयोग झाला. फौजदार आणि गोष्टीवाला, दोन्ही चाचाच. टोपी घातली की फौजदार, काढली की आरोपी. पुढच्या खुर्चीत वही घेऊन एक हवालदार बसलेला. ते वाक्य आलं. अंगण गप्प. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "त्याला काय धरता? कोनी पाडला ते मी सांगतो." वाहून गेलेल्या बाईचा नवरा उभा होता. त्याने ठेकेदाराचं नाव घेतलं. हवालदाराचं पेन जागीच थांबलं. चाचांनी टोपी काढून बाजूला ठेवली. "पुढं ये रं," ते म्हणाले, "आता तू बोल."

ठेकेदाराची चौकशी लागली, ती अजून चालूच आहे. पण नवा साकव बांधताना वाडीतली माणसं पाळीपाळीने कामावर उभी राहिली आणि सिमेंटचं प्रत्येक पोतं त्यांनी पाहून घेतलं.

चाचा गेल्या वर्षी गेले. कबरीवर मूठभर माती घालताना लक्षात आलं, माफी मागायची राहूनच गेली.

गेल्या महिन्यात पाचवीतल्या एका मुलीने शाळेच्या गळक्या छपरावर नाटुकलं लिहिलं. वरून फोन आला, "मास्तर, छपराचं तेवढं वगळा."

"नाही साहेब," मी म्हणालो, "मुलीने लिहिलंय तसंच होईल."

फोन ठेवून तालमीला गेलो आणि छपराच्या वाक्याला पहिला मीच हसलो.