राजूरला दिलेला पहिला नंबर

"मॅडम, म्या टॉवरखालीच उभा हाय. बॅटरी फुल हाय. मीटरचा फोटो टाकला बघा," आमचा टेक्निशियन संतोष राजूरहून फोनवर सांगत होता.

माझ्या स्क्रीनवर मात्र राजूरची बॅटरी लाल होती आणि घसरतच चालली होती. सगळीकडे लाइट गेलेली. टॉवरची बॅटरी संपली की गावाचं इंटरनेट बंद.

आमचे मालक पारसशेठ माझ्या मागे उभे राहून ऐकत होते. "फोटो जुना असंल. घरी बसून फेकून राह्यला तो."

"शेठ, लोकेशन मागवते."

"काही गरज न्हाई. कम्प्युटर खोटं बोलंल का?" त्यांनी फोन घेतला आणि अख्ख्या ऑफिससमोर सांगितलं, "संतोष, उद्यापासून येऊ नको."

संतोषला पुढच्या महिन्यापासून पर्मनंट करायचं ठरलं होतं. शब्द शेठनीच दिला होता.

थोड्याच वेळात ऑफिसचे फोन वाजायला लागले. टेंभुर्णीचं नेट बंद. माझ्या स्क्रीनवर टेंभुर्णी हिरवीगार. राजूरहून एकही तक्रार नाही. मी सर्व्हरचं सेटिंग उघडलं आणि डोकंच फिरलं.

नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राच्या प्रत्येक भागाला एक लांबलचक नंबर असतो. त्याला ओआयडी म्हणतात. टपालाचा पत्ता खालून वर वाचावा तसा तो मोठ्याकडून लहानाकडे जातो: कंपनी, मग गाव, मग टॉवर, मग बॅटरी. टॉवरवर रीडिंग घेणारा एक डबा असतो, त्यातच हा नंबर भरलेला असतो. डबा फक्त नंबर आणि रीडिंग पाठवतो. तो नंबर कोणत्या गावाचा, हे ऑफिसातल्या सर्व्हरला आपण सांगून ठेवायचं. म्हणून एकदा दिलेला नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही.

टॉवर उभे राहिले त्या क्रमानं मी गावांना नंबर दिले होते. टेंभुर्णी एक, राजूर दोन, पिंपळगाव रेणुकाई तीन. शेठना ते खटकायचं. "राजूर म्हंजे गणपतीचं गाव, अन् दोन नंबरला? पहिला मान गणपतीचा असतो, मॅडम." यंत्राला मानपान कळत नाही, हे मी परोपरीनं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मग मी भावाच्या लग्नाला गेले असताना पाडव्याचा मुहूर्त गाठून त्यांनी सॉफ्टवेअरवाल्याकडून सर्व्हरवर एक आणि दोनची अदलाबदल करून घेतली. टॉवरवरचे डबे होते तसेच राहिले. मला कोणी पत्ताही लागू दिला नाही.

"शेठ, संपत होती ती टेंभुर्णीची बॅटरी. नाव राजूरचं दिसत होतं. संतोष खरं बोलत होता."

शेठ म्हणाले, "मंग जल्दी पहिल्यासारखं करून टाका."

"आणि संतोष?"

"सगळ्या स्टाफसमोर काढला त्याला. आता परत बोलावलं तर माझ्या शब्दाला काय किंमत राह्यली?"

"पर्मनंट करायचा शब्दही तुमचाच होता."

"तुम्ही तुमचं टेबल बघा, मॅडम."

मी टेबल बघितलं. टेंभुर्णीला तिचा नंबर परत दिला आणि तिकडे जनरेटर पाठवला. मग संतोषला फोन करून सांगितलं, की चूक आमच्याच सर्व्हरवर होती. तो केवढा खूश झाला.

"मंग उद्या येऊ ना, मॅडम?"

शेठ ऐकत नाहीत, एवढंच मी सांगितलं. शरम वाटली, आणि संताप आला.

नव्या इंजिनिअरांना मी आता एवढंच सांगते: चुकीचा नंबर मागे घेता येतो. मालक चुकीचा शब्द मागे घेत नाही. कुणाच्या तरी पोटावर पाय देऊन तो खरा करतो.