मागच्या चाकाचा पत्रा

"मी बायकोवर कधी हात उगारला नाही," असं माझा धाकटा भाऊ चारचौघांत छाती फुगवून सांगायचा. खरंच होतं ते. डोकं फिरलं की तो तिच्या सायकलला लाथा घालायचा. सायकल तरी काय बोलणार बिचारी!

वहिनी हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. लेकीला कॅरिअरवर बसवून शाळेत सोडायची आणि तशीच पुढे कामावर जायची. मागे बसणाऱ्याचे पाय चाकात जाऊ नयेत म्हणून चाकाच्या दोन्ही बाजूंना पातळ पत्रा होता. भावाची लाथ नेमकी त्याच्यावर बसायची. मग वहिनी तो पत्रा उंबऱ्यावर ठेवून ठोकायची, तारेनं बांधायची आणि निघायची. "माझ्याकडे ये" म्हणून मी कितीदा डोकं आपटलं तिच्यापुढे, पण ती पत्रा ठोकतच राहायची.

एका सकाळी उतारावर तार सुटली आणि पत्रा लोंबकळला. पोरीची टाच चाकात गेली. मी दवाखान्यात पोचले तेव्हा टाचेचं कातडं सोललं होतं आणि रडून रडून तिचा आवाज बसला होता. भाऊ आला तो बायकोवरच उखडला.

"पोर सांभाळता येत नाही आणि मिजास बघा सायकलची!"

असा संताप आला मला! आमच्या आईनं ह्याला लहानपणीच बदडायला हवा होता.

वहिनी मला घेऊन वेल्डरकडे गेली. तो चेष्टेखोर माणूस.

"रणगाड्याचा पत्रा मारू का ताई?"

"मार. जाड मार."

"सायकल जड होईल हो."

"होऊ दे. मी ओढीन."

नव्या पत्र्याला जुन्यासारखाच काळा रंग दिला. भावाला तिनं काही सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं.

दोनच दिवसांनी मी पोरीला बघायला गेले होते, तेव्हा तो पुन्हा पेटला. "आजपासून कामावर जायचं नाही!" असं ओरडत तो अंगणात धावला आणि सगळा जोर लावून त्यानं लाथ हाणली. कटकन आवाज झाला. पत्रा जागचा हलला नाही. भाऊ जमिनीवर गडाबडा लोळत होता आणि त्याचं पाऊल भलतीकडेच वळलं होतं. मला हसू आलं. सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं!

प्लास्टर घालून त्याला घरी आणला. खाटेवर पडल्या पडल्या तो दात खात वहिनीला म्हणाला, "हे निघू दे एकदा. मग सायकलच्या नादी लागत नाही. तुझेच पाय मोडतो."

कोपऱ्यात बसलेल्या पोरीनं पट्टी बांधलेला पाय पोटाशी ओढून घेतला. वहिनीनं ते पाहिलं. ती उठली आणि पिशवीत कपडे कोंबायला लागली.

"ताई, अडव तिला!" भाऊ किंचाळला.

"माझ्याकडेच येतेय ती," मी म्हटलं. "तू ये प्लास्टर निघाल्यावर. दार मीच उघडीन."

त्यानं पाण्याचा तांब्या फेकला. तो माझ्या कानाजवळून भिंतीवर आदळला.

बाहेर पोर कॅरिअरवर बसायला तयार होईना. सायकल दिसताच मागे सरकली. वहिनी तिच्यापुढे बसली आणि पत्र्यावर तिनं मूठ आपटली.

"बघ. हा नाही तुटत."

"बाबांनी मारलं तरी?"

"बाबांनीच मारलं होतं ना?"

पोरीनं दाराकडे पाहिलं. आत बाप अजून शिव्या देत होता. मग तिनं दोन्ही हात वर केले आणि वहिनीनं तिला उचलून कॅरिअरवर बसवलं.